एका प्रतीवरची दोस्ती

सत्तरच्या दशकात नगर जिल्ह्यातल्या आमच्या गावी धाडसाची गोष्ट हाती पडायची, ती शाळेच्या पुस्तकपेटीतून. पेटीत भा. रा. भागवतांचं पुस्तक निघालं की पोरं त्यावर तुटून पडायची. खाकी कागदाचं कव्हर, शिवण सुटलेली पानं आणि सगळ्यांत मिळून एकच प्रत. उन्हाळ्याच्या सुट्टीत ती घेऊन आम्ही प्रवरेच्या पाटाकडेला बाभळीखाली बसायचो. एकानं मोठ्यानं वाचायचं, त्याचा घसा बसला की दुसऱ्यानं पुस्तक हाती घ्यायचं.

संध्याकाळी प्रत कुणाच्या तरी घरी मुक्कामाला जायची. नियम एकच होता: पुढचं पान चोरून वाचायचं नाही. गोष्टीचा नायक फास्टर फेणे ऐन संकटात अडकलेला, पुस्तक उशाशी, कंदील हाताशी. तरी ज्याच्या घरी प्रत असेल तो गडी पान उलटायचा नाही. सकाळी ‘वाचलं नाहीस ना?’ विचारलं की ‘आईशप्पथ नाही!’ म्हणायचा. तेवढ्यावर सगळ्यांचा विश्वास बसायचा.

गोष्टींतही असाच दोस्तांवरचा भरवसा असायचा. फुरसुंगीचा बनेश ऊर्फ फास्टर फेणे अंगानं किडकिडीत. तोंडानं ‘ट्टॉक’ करायचा आणि सायकलवर टांग टाकून निघायचा. पण सुभाष देसाईसारखा दोस्त त्याच्या पाठीशी असायचा. ‘मुक्काम शेंडेनक्षत्र’ तर आम्हाला झपाटून टाकायचं. ज्यूल व्हर्नची १८७७ सालची कादंबरी भागवतांनी मराठीत आणली होती. एक धूमकेतू पृथ्वीला घासून जातो आणि तिचा तुकडा माणसांसकट उचलून नेतो. सूर्य लांब जातो, समुद्र गोठतो. मग फ्रेंच, रशियन, स्पॅनिश अशी नाना देशांची माणसं ज्वालामुखीच्या गुहेत शिरून लाव्हाच्या उबेवर दिवस काढतात. एकट्यादुकट्यानं तिथं कुणाचाच निभाव लागला नसता. बाहेर वैशाखाच्या झळा लागायच्या आणि आम्ही त्या थंडीनं काकडायचो.

पण आमचं धाडस पुस्तकातच राहिलं. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, १६४६ मीटरचं कळसूबाई, आपल्याच जिल्ह्यात अकोले तालुक्यात आहे, हे भूगोलात पाठ केलं. चढलं मात्र कुणीच नाही.

आता शहरातली मुलं-मुली शिड्यांवरून कळसूबाई गाठतात. साम्रदच्या सांदण दरीत हेल्मेट घालून दोरावरून उतरतात. पाचनईच्या वाटेनं हरिश्चंद्रगड चढून केदारेश्वराच्या गुहेतल्या गार पाण्यात उभी राहतात. हे आमच्या वेळेपेक्षा कितीतरी चांगलं आहे, आणि मुलींना मिळालेली मोकळीक पाहून तर ऊर भरून येतो. या डोंगरांतल्या महादेव कोळी आणि ठाकर मुलांना मात्र ही विद्या तेव्हाही येत होती. ओढ्याला लोंढा कधी येईल, निसरड्या कातळावर पाय कुठं टाकायचा, हे त्यांना घरातच शिकायला मिळायचं. आज त्यांच्यातलेच तरुण वाटाडे होऊन पाहुण्यांना सांभाळून नेतात.

पुस्तकांचीही आता टंचाई नाही. फास्टर फेणेचे भाग नव्या छपाईत मिळतात. २०१७ साली त्याच्यावर चित्रपट आला, त्यात अमेय वाघ फेणे झाला. बालभारतीच्या ‘किशोर’चे १९७१पासूनचे जुने अंक मोबाइलवर फुकट वाचता येतात. कमी झालं आहे ते एकमेकांसाठी थांबणं. प्रत्येकाची प्रत वेगळी, पडदा वेगळा, वेग वेगळा. शेवट हवा तेव्हा बघता येतो, म्हणून कुणासाठी पान राखून ठेवावं लागत नाही.

मला वाटतं, जुन्या आणि नव्याची इथं सहज सांगड घालता येईल. मुलांची शिबिरं साम्रदला, रतनवाडीला मुक्कामी असतातच. तिथं पिशवीत धाडसाच्या गोष्टीचं एक पुस्तक असावं, सगळ्यांत मिळून एकच. रात्री जेवणं झाली की आळीपाळीनं मोठ्यानं वाचावं आणि ऐन रंगात आलेली गोष्ट उद्यावर ठेवावी. दोर सोडणाऱ्यावर भरवसा ठेवायला मुलं दिवसा शिकतातच. दिलेला शब्द कुणी बघत नसतानाही पाळायचा, हे त्या राखून ठेवलेल्या पानातून शिकतील. संकटात सोबत्याकडे दोन्ही गोष्टी असाव्या लागतात.