घरातला सर्व्हर, घाटाखालचा बॅकअप

लग्नाची कॅसेट तुम्ही शेवटची कधी बघितलीत? खरं सांगा हं! बहुतेकांच्या घरी ती कपाटाच्या वरच्या खणात, शालूच्या पिशवीशेजारी पडलेली असते. ती चालेल असा प्लेअर घरात नसतो आणि तरीही ती फेकून द्यायची कुणाची हिंमत होत नाही. आता विचार करा, अशा ३८० कॅसेटी एकाच खोलीत असतील तर?

त्या माझ्या काकांकडे आहेत. बुलढाणा जिल्ह्यात, चिखलीला त्यांचा फोटो स्टुडिओ. २००० सालानंतरची दहा-बारा वर्षं आसपासच्या गावांतली लग्नं, साखरपुडे, बारशी त्यांनी मिनी डीव्ही कॅमेऱ्यावर शूट केली. गिऱ्हाईकाला सीडी दिली की मूळ कॅसेट स्टुडिओतल्या फडताळात. २०२१ पर्यंत तिकडे कुणी ढुंकूनही बघितलं नव्हतं. त्या वर्षी कोरोनाची दुसरी लाट येऊन गेली आणि लोक यायला लागले. ‘आमचे बापू आहेत का हो त्यात? चालता-बोलताना?’ फोटो सगळ्यांकडे असतात. आवाज नसतो. एका कॅसेटीत पंगतीच्या गोंधळात एक आजोबा कॅमेऱ्याकडे बघून ‘जेवले का सगळे?’ एवढंच विचारतात. त्यांच्या मुलानं ते चार सेकंद सात वेळा बघितले. मी मोजत होते.

पुण्यात मास कॉम करून फ्रीलान्स लिहिणारी पुतणी म्हणजे काकांच्या हिशेबात ‘कॉम्प्युटरवाली’च. त्यामुळे हे सगळं साठवायचं कशावर, ते ठरवणं माझ्याकडे आलं.

आधी आकडेमोड. मिनी डीव्हीची तासाभराची टेप कॉम्प्युटरवर घेतली की साधारण १३ जीबी होते. ३८० टेप म्हणजे ५ टीबीच्या आसपास. त्यानंतरच्या फुल एचडीचं आणि हल्लीच्या फोर-केचं वेगळंच. १०० एमबीपीएसनं शूट केलेलं फोर-के तासाला ४५ जीबी खातं; हळदीपासून वरातीपर्यंत सहा तास धरले तर एका लग्नाला २७० जीबी! सगळं मिळून आकडा गेला ११ टीबीवर. पुढची जागा धरून १६ टीबी. (बॉक्सवर १६ असलं तरी विंडोज १४.५ दाखवतं. दुकानदारानं माप मारलेलं नसतं. कंपनी हजारानं मोजते आणि विंडोज १०२४नं, एवढाच फंडा.) आणि क्लाउड? २० एमबीपीएसचा अपलोड अखंड मिळाला तरी ११ टीबी चढवायला पन्नास दिवस, वर भाडं कायमचं. जाऊ द्या.

एवढ्या क्षमतेच्या ड्राइव्ह शोधायला लागलं की समोर येतात त्या बहुतेक डेटा सेंटरसाठी बनवलेल्या, म्हणजे एंटरप्राइज ड्राइव्ह. सीगेटची एक्झॉस, वेस्टर्न डिजिटलची अल्ट्रास्टार वगैरे. यांच्या पोटात हवेऐवजी हेलियम. हेलियमची घनता हवेच्या सातव्या हिश्श्याएवढी, म्हणून तबकड्यांना विरोध कमी होतो आणि एकाच डबीत त्या जास्त बसतात. एचजीएसटीनं २०१३ मध्ये अशी पहिली ६ टीबीची ड्राइव्ह आणली, तिच्यात सात तबकड्या होत्या. एक्झॉसच्या १६ टीबीत नऊ आहेत.

घरी एवढी सॉलिड चीज लागते का? कागदावर बघाल तर नाही. सीगेटच्या साध्या बॅराकुडाला वर्षाला ५५ टीबी लिहिण्या-वाचण्याची मर्यादा, एक्झॉसला ५५० टीबी. काकांचा कॉम्प्युटर वर्षाला २० टीबीसुद्धा हलवणार नाही. मी तरी एंटरप्राइजच घ्यायचं म्हटलं, त्याचं कारण कौलं. बऱ्याच स्वस्त ड्राइव्हमध्ये डेटाच्या रांगा घरावरच्या कौलांसारख्या एकमेकींवर चढवतात. याला म्हणतात एसएमआर. मधलं एक कौल बदलायचं तर पुढची उचलावीच लागतात. तसंच मोठा डेटा सलग लिहायला घेतला की ही ड्राइव्ह हापसायला लागते. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या ‘रेड’ मालिकेतल्या काही ड्राइव्हमध्ये हे तंत्र ग्राहकांना न सांगता वापरल्याचं उघड झालं, तेव्हा जगभर जाम बोंबाबोंब झाली होती. एक्झॉस साध्या पद्धतीनं, एकमेकींना न झाकता लिहिते. शिवाय पाच वर्षांची वॉरंटी.

तोटे? आहेत ना. पहिला आवाज. डब्यात खडे हलवावेत तशी खडखडते. बेडरूममध्ये कॉम्प्युटर असेल तर विसरा. दुसरा, ऑनलाइन स्वस्तात दिसणाऱ्या कित्येक ड्राइव्ह ‘एसएएस’ असतात. त्या घरच्या मदरबोर्डवरच्या ‘साटा’ जोडणीला लागतच नाहीत, तेव्हा नावातली अक्षरं नीट वाचा. तिसरी गंमत अशी की काही एंटरप्राइज ड्राइव्ह जुन्या पॉवर सप्लायला जोडल्या की फिरतच नाहीत. केबलमधले ३.३ व्होल्ट त्यांना ‘बंद राहा’ असा इशारा वाटतात. जुन्या मोलेक्स पिनेवरून वीज घेतली की गाडी सुरू. आणि हो, यूपीएस हवाच. आमच्याकडे लाइट मंगलाष्टकं संपायची वाट बघत नाही.

खरी घासाघीस मात्र पुढे होती. काकांनी डबी हातात घेऊन वजन केलं. ‘एवढी मजबूत आहे म्हनतं, तं मंग दुसरी कायले पायजे?’

कारण कंपनी सांगते ते ‘२५ लाख तास’. वाचून वाटतं, २८५ वर्षं चालणार! तसं नसतं हो. त्याचा अर्थ असा की अशा हजार ड्राइव्ह वर्षभर चालवल्या तर तीन-चार मरतील. त्या तीन-चारांत आपली असली की वॉरंटीत कोरी ड्राइव्ह मिळते, बापूंचा आवाज मिळत नाही. मी काकांना विचारलं, ‘लग्नात तुम्ही बॅटरी एकच नेता का?’ ते हसले नाहीत, पण पैसे काढले. दोन ड्राइव्हच्या किमतीत बरी सेकंडहँड स्कूटी आली असती, हे मात्र त्यांनी दोनदा ऐकवलं.

घेताना एक भीती होती. २०२५च्या सुरुवातीला जर्मनीत ‘नव्या’ म्हणून विकलेल्या कित्येक एक्झॉस प्रत्यक्षात हजारो तास चाललेल्या निघाल्या. त्यांचा तासांचा आकडा शून्यावर आणला होता आणि त्या चिया नावाच्या चलनाच्या खाणकामातून आल्याचा संशय होता. अशा विक्रेत्यांना आपण या ड्राइव्ह दिल्या नव्हत्या, असं सीगेटनं सांगितलं. ती चोरी पकडली गेली ती ड्राइव्हच्या आत वेगळ्या ठेवलेल्या ‘फार्म’ नोंदीमुळे. म्हणून पाकीट फोडल्याफोडल्या मी स्मार्टसीटीएल हे फुकटचं सॉफ्टवेअर चालवून दोन्ही आकडे ताडून बघितले. दोन्ही ड्राइव्ह कोऱ्या. मग एकेक ड्राइव्ह पूर्ण भरून, पुन्हा वाचून तपासली. यात काही दिवस गेले. काका रोज विचारायचे, ‘अजून चाखूनच राह्यली का?’

एक ड्राइव्ह चिखलीला स्टुडिओतच राहिली. दुसरी राजूर घाट उतरून मलकापूरला आत्याकडे जाते. घाटावर आग लागो की पाणी शिरो, घाटाखाली प्रत शाबूत. मलकापूरचा मे महिना मात्र नुसत्या नावानंच घाम फोडतो, म्हणून ती तिथे चालवायची नाही. फोममध्ये गुंडाळून आत्याच्या लोखंडी कपाटात, साड्यांच्या खाली. दर दोन महिन्यांनी चिखलीला येणार, नवं भरून परत जाणार. आत्या तिला ‘माहेरवाशीण’ म्हणते.

टेप कॉम्प्युटरवर घ्यायला शॉर्टकट नाही. तासाची टेप, तासच लागतो. सध्या आम्ही ११२व्या कॅसेटीवर आहोत. २००६ सालचं, मेहकरकडचं लग्न. मध्येच लाइट गेलेली, तीन मिनिटं पडद्यावर नुसता काळोख आणि बँड वाजतोय, कुणीतरी कुणाला तरी हाका मारतंय. मी विचारलं, ‘काका, एवढं कापू का?’

‘राहू दे,’ ते म्हणाले. ‘त्या हाका कोनाच्या आहेत, ते त्यांच्या घरचे वळखतीन.’