इथे भाडेकरू, तिथे घरमालक

आपल्या मंडळातल्या बऱ्याच घरांची गोष्ट सारखीच आहे. इंग्लंडमध्ये आपण भाड्याच्या घरात राहतो आणि पुण्यात, ठाण्यात किंवा नाशकात आपला एक फ्लॅट भाड्याने दिलेला असतो. इथे आपण मागतील ते सगळे कागद निमूटपणे देतो. तिथे मात्र "माणसं चांगली वाटतात हो" एवढ्यावर किल्ली देऊन मोकळे होतो.

कोथरूडचा आमचा फ्लॅट असाच एका चांगल्या वाटणाऱ्या कुटुंबाला दोन वर्षांसाठी दिला होता. पहिलं वर्ष छान गेलं. मग भाडं आधी उशिरा यायला लागलं, नंतर अर्धं, शेवटी नुसतीच कारणं. आमचे फोन ते उचलत नसत. सासऱ्यांना गुडघ्यांमुळे जिने चढवत नाहीत, म्हणून सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई रिक्षा करून जायच्या. तिथे त्यांना आग्रहाने बसवून घेत, चहा देत, नातवंडांची चौकशी करत. भाड्याचा विषय न काढताच त्या परत यायच्या. "अगं, लहान मूल आहे त्यांच्या घरात. कसं विचारू?" असं मला फोनवर म्हणायच्या. करार संपला तरी घर रिकामं होईना. त्या घरात सासऱ्यांच्या फंडाचे पैसे होते. दोघांची झोप उडाली.

आम्हाला तारलं ते सासऱ्यांच्या हट्टाने. मुखत्यारपत्र त्यांच्या नावे होतं आणि त्यांनी करार रीतसर नोंदवून घेतला होता. अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, असं आपल्याकडे सर्रास समजतात. महाराष्ट्रात ते खरं नाही. १९९९च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृतच लागतो, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे म्हणेल तेच, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरतात. कलम २४ प्रमाणे मुदतीनंतरही घर न सोडणाऱ्याविरुद्ध सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि ठरलेल्या रकमेच्या दुप्पट दराने भरपाई मागता येते. वकिलांच्या नोटिशीत एवढंच लिहून गेलं आणि दीड महिन्यात किल्ली हातात आली.

पुढचा भाडेकरू ठेवताना आम्ही इथली रीत तिथे नेली. इथे घर घेताना गालिच्यावरच्या डागापर्यंत सगळ्याची यादी करून आपली सही घेतात. आपली अनामत रक्कम ३० दिवसांत सरकारमान्य योजनेत सुरक्षित करावी लागते. यात आपल्याला अपमान वाटत नाही, उलट घर सोडताना वाद होणार नाही असा भरवसा वाटतो. मग तिथल्या भाडेकरूला तरी अपमान का वाटावा?

आता आम्ही आधीच्या घरमालकाशी आणि नोकरीच्या ठिकाणी बोलून घेतो, पोलिसांकडे भाडेकरूची माहिती देतो, भिंती, नळ, पंखे, गीझर यांचे फोटो दोघांकडे ठेवतो. भाडं थेट बँकेत येतं. घरमालक अनिवासी असेल तर भाड्यातून कर कापून भरायची जबाबदारी भाडेकरूची असते, तेही आधीच सांगतो. मुखत्यारपत्र इथे करून पाठवणार असाल तर ते वकिलातीतून साक्षांकित करून घ्या, आणि महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरा.

कागद आपल्यालाही बांधतो. गळका नळ वेळेवर दुरुस्त करायचा, अनामत रक्कम कुरकुर न करता परत द्यायची. भाडं थकलं म्हणून पाणी तोडणं किंवा कुलूप बदलणं कायद्यात बसत नाही.

आपली माणसं भिडस्त असतात, आणि ते बदलावं असं मला वाटत नाही. सासूबाईंनी चहा जरूर प्यावा. पण पैसे मागायचं काम त्यांच्या जिभेवर न टाकता करारावर टाकावं. या दिवाळीत घरी फोन कराल तेव्हा फराळाच्या चौकशीबरोबर एवढं विचाराच: आपला करार कधी संपतो, तो नोंदवलेला आहे का, आणि भाडं मागायला कोण जातं?