उद्या या

कारकुनाच्या आयुष्यात लागोपाठ चार सुट्या येणं हा योग गुरुपुष्यामृताहूनही दुर्मिळ. २०१८ साली तो आला. २८ एप्रिलला चौथा शनिवार, २९ ला रविवार, ३० ला बुद्धपौर्णिमा आणि मंगळवारी १ मे, महाराष्ट्र दिन. जानेवारीत कॅलेंडर भिंतीवर टांगलं त्याच दिवशी मी या चार चौकटींना लाल पेन्सिलीनं कुंपण घातलं होतं. महाबळेश्वर, बुफे जेवण आणि वेण्णा लेकच्या काठी घोडा. घोडा अर्थातच फक्त बघायला.

पण आमचा संसार हे जॉइंट अकाउंट आहे. सही दोघांपैकी कुणाचीही चालते, असं पासबुकावर छापलेलं आहे. प्रत्यक्षात माझी सही जुळत नाही. त्या सुमारास ही टीव्हीवर पाणी फाउंडेशनचा कार्यक्रम बघायची. माणसं भर उन्हात माळ खणताहेत आणि ही पंख्याखाली बसून डोळे पुसते आहे, असा देखावा मी आठवडाभर पाहिला आणि धोक्याची घंटा ऐकू आली नाही, इथंच चुकलं. एका संध्याकाळी घरी आलो तर चहाच्या कपाबरोबर बातमी आली.

"१ मेच्या महाश्रमदानात आपली दोघांची नावं 'जलमित्र' म्हणून घातली आहेत."

"कुठं?"

"तुमच्याच गावाला. आसेगावजवळ. नाहीतरी तुम्ही सारखं सांगताच की, तिथली माणसं तुम्हाला डोक्यावर घेऊन नाचायची."

आता इथं थोडा खुलासा करायला हवा. नोकरीची पहिली तीन वर्षं मी वाशिम जिल्ह्यात मंगरूळपीर तालुक्यातल्या आसेगावला काढली. तेव्हा मी अविवाहित होतो, त्यामुळे तिथल्या माझ्या कर्तृत्वाला साक्षीदार नव्हता. या सोयीचा मी लग्नानंतर भरपूर लाभ घेतला. शेतकरी मला किती मानायचे, बदलीच्या दिवशी एस.टी. कशी अडवून धरली होती, वगैरे. एस.टी. अडली होती हे खरं आहे. टायर पंक्चर होतं.

आसेगाव म्हटलं की 'कुठलं?' हा प्रश्न ठरलेला. रिसोड तालुक्यात आसेगाव पेन आहे आणि अमरावती जिल्ह्यात चांदूर बाजारकडं आसेगाव पूर्णा. माझ्या वेळी आमच्या शाखेचं टपाल या दोन्ही गावांची हवा खाऊन मग आमच्याकडं यायचं. एकदा तर माझ्याच रजेचा मंजूर अर्ज रजा संपल्यावर आला होता.

तर तयारी सुरू झाली. दोन टोप्या, हातमोजे, ग्लुकोजचा डबा, उन्हाचं मलम, कंबरेचं मलम आणि माझ्यासाठी नवे बूट. शेजारचे जोडपं त्याच दिवशी सिंगापूरला निघालं होतं. जिन्यात त्यांची आणि आमची सामानासकट गाठ पडली, तेव्हा आमचं सामान जास्त भरलं. मुलांना आजोळी पोचवून आम्ही रात्रीची गाडी धरली, अकोल्याला उतरलो आणि तिथून एस.टी.नं ३० तारखेच्या उन्हात त्या गावी दाखल झालो. गावाचं नाव सांगत नाही. आसेगावपासून सहासात किलोमीटर, एवढं पुरे.

गाव बघून मी जरा वरमलो. तालुका स्पर्धेत होता. २०१६ ते २०१९ अशी चार वर्षं ही वॉटर कपची स्पर्धा चालली. त्या साली ७५ तालुके होते, ८ एप्रिल ते २२ मे अशी पंचेचाळीस दिवसांची मुदत आणि पहिलं बक्षीस ७५ लाखांचं. आदल्या वर्षी वर्धा जिल्ह्यातल्या काकडदऱ्यानं पहिला नंबर पटकावला होता, त्यामुळे विदर्भातल्या माणसांना 'हे आपल्यालाही जमतं' असा भरवसा आलेला. लोक तीन आठवडे रोज पहाटे माळावर जात होते. आम्ही एका दिवसाचे पाहुणे. तरी ओवाळून स्वागत झालं. रात्री ज्यांच्याकडं उतरलो तिथं भाकर, ठेचा आणि बेसन. आपण ज्याला झुणका-पिठलं म्हणतो त्याला वऱ्हाडात नुसतं बेसन म्हणतात. हिनं कागदावर कृती लिहून घेतली. मी तीन भाकरी खाल्ल्या आणि अंगणातल्या बाजेवर पडल्या पडल्या हिला सांगितलं, "बघ, अजून मानतात."

पहाटे पाचला माळावर पोचलो. ए-फ्रेम नावाचा लाकडी घोडा फिरवून उताराला आडव्या रेघा आखलेल्या होत्या, त्यावर फक्की टाकलेली. त्या रेघेवर दोन फूट रुंद आणि एक फूट खोल चर खणायचा. पावसाचं पाणी पळत खाली जायचं ते त्यात थांबतं आणि जिरतं. तत्त्व सोपं आहे. मुदत ठेवीचंच तत्त्व.

आमच्या हातात टिकास आली. पुण्यात तिला टिकाव म्हणतात. नाव काहीही असलं तरी वजन तेवढंच भरतं. पहिला घाव मी फक्कीवर घातला तो मुरमावर आपटून परत माझ्याकडंच आला, न वटलेल्या चेकसारखा. दहा मिनिटांत नव्या बुटांनी आणि जुन्या कंबरेनं एकाच वेळी तक्रार नोंदवली. ही घमेली उचलत होती आणि मधूनमधून माझ्याकडं बघत होती. तासाभरानं सात फूट चर झाला. मी सरळ उभा राहून घाम पुसला आणि कुणीतरी फोटो काढावा म्हणून थांबलो.

"तिरपा झाला ना बाप्पा!" मागून आवाज आला.

साठीचा माणूस. पायजमा, बंडी, डोक्याला रुमाल. त्यानं चरात उतरून पाय लावून माप घेतलं. "पानी लय हुशार असते साहेब. जरासा उतार भेटला का पयते. हा बुजवा अन् पुन्यांदा करा."

मग माझ्या हातातून टिकास घेऊन त्यानं ती कशी धरायची ते दाखवलं. जोर हातानं द्यायचा नाही, टिकासीच्या वजनालाच काम करू द्यायचं. हे सगळं शांतपणे, दोनदा. मला काही समजावताना इतका वेळ आजवर कुणी दिला नव्हता आणि मीही कुणाला दिला नव्हता. टिकास परत देताना तो हसला.

"वळखलं नाई काय साहेब? मी तुमचा नऊ चकरांचा गिऱ्हाईक."

मी ओळखलं नव्हतं. हिनं मात्र घमेलं खाली ठेवलं. "बसा ना काका, सांगा ना," म्हणाली. तिला वाटलं, आता एस.टी. अडवल्याची गोष्ट येणार.

गोष्ट आली. आजूबाजूचे चारसहा जणही टिकाशी टेकवून ऐकायला थांबले. त्यांना ती पाठ होती असं दिसलं. २००८ च्या मे महिन्यात हा माणूस पीककर्जासाठी माझ्या खिडकीशी आला. पहिल्या दिवशी मी सांगितलं, सातबारा आणा, उद्या या. सातबारा आणला तर आठ-अ नव्हता. उद्या या. मग सोसायटीचा ना-देय दाखला. उद्या या. मग फोटोत टोपी आहे आणि समोर नाही. "मंग मी टोपी घालून गेलो त साहेब जेवाले गेले होते." लोक हसले. मग सातबाऱ्यावर नावापुढं 'जी' आहे आणि अर्जात नाही. अशा नऊ खेपा, सहासात किलोमीटर जाऊन-येऊन, बहुतेक पायी. तो माझी नक्कल करत होता. चष्म्यावरून बघायचं, पेनचं टोपण लावायचं आणि 'उद्या या' म्हणायचं. नक्कल उत्तम होती. हीसुद्धा हसत होती. घरी मी टोपण तसंच लावतो.

"मंग भेटलं का कर्ज?" कुणीतरी ठरल्याप्रमाणं विचारलं.

"भेटलं ना. सोयाबीन गुडघ्याएवढं झालं तवा भेटलं. बियाणं त बायकोची पोत मोडून आणलं होतं."

ही हसायची थांबली. तो मात्र हसतच होता. त्याची बायको पलीकडच्या ओळीत घमेलं पुढं देत होती. तिच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेले चार मणी होते. मी घमेल्याकडं बघू लागलो.

"नियम तसे होते," मी हिला हळूच म्हणालो.

"नियम असतील. पण सगळे कागद पहिल्याच दिवशी का नाही सांगितलेत?"

चौदा वेळा माझं ऑडिट झालंय, पण हा प्रश्न एकाही ऑडिटरला सुचला नव्हता. नऊ कागदांची छापील यादी माझ्या टेबलाच्या काचेखाली होती. माझ्याकडं तोंड करून.

मी चर बुजवला आणि पुन्हा खणायला घेतला. ऊन चढल्यावर काम थांबलं तेव्हा आमचा दोघांचा मिळून अकरा फूट झाला होता. तो सरळ होता, असं त्यानं पाय लावून सांगितलं. सावलीत बसून मी वाणिज्य शाखेचा पदवीधर या नात्यानं हिशेब मांडला. अकरा गुणिले दोन गुणिले एक, बावीस घनफूट, म्हणजे चर काठोकाठ भरला तर सव्वासहाशे लिटरच्या आसपास पाणी. शहरात माणशी रोज १३५ लिटर धरतात. आम्ही चौघं. म्हणजे उभ्या सकाळभर राबून आम्ही आमच्याच घरचं एका दिवसाचं पाणी कमावलं, फार तर दुसऱ्या दिवशीच्या सकाळच्या चहापर्यंतचं. खर्चाची बाजू बघावी तर गाडीभाडं, एस.टी., टोप्या, बूट, मलमं धरून चार हजार सहाशे. त्या वर्षी रोजगार हमीची मजुरी २०३ रुपये होती. आम्ही घरीच बसून पैसे पाठवले असते तर बावीस माणसांचा रोज सुटला असता आणि त्यांचा चर पहिल्या खेपेलाच सरळ आला असता.

हा ताळेबंद मी हिला दाखवला. तिनं तो घडी करून बेसनाच्या कृतीबरोबर पर्समध्ये टाकला. "तुमची कंबर दुखतेय, म्हणून हिशेब सुचतोय," म्हणाली.

संध्याकाळी निघायच्या तयारीत होतो. रात्री अकोल्याहून गाडी होती. तो माणूस आणि त्याची बायको उतरल्या घरी निरोप द्यायला आली. तिनं हिला हळद-कुंकू लावून ओंजळभर तुरीची डाळ पदरात घातली. काय बोलावं ते मला सुचेना. माफी मागायचे शब्द मी मनात जुळवून ठेवले होते, पण ते ड्राफ्टच्याच भाषेत होते. मी घसा साफ केला तेवढ्यात त्यानंच माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"साहेब, तुमचा हात आता बसून राह्यला. त्या चराचं तोंड अजून बाकी हाये. जमते का पाहा. उद्या या."

टोमणा असेल म्हणून मी त्याच्या तोंडाकडं बघितलं. नव्हता. हिनं माझ्याकडं न बघता बॅगेचा पट्टा सोडला.

साहेबांना फोन करून दोन दिवसांची किरकोळ रजा मागितली. "अर्ज कुठाय?" ते म्हणाले. म्हटलं, परवा देतो. परतीचं तिकीट नाहीतरी वेटिंगवरच होतं. ते रद्द केलं. पुढं पैसे परत आले त्यात माणशी साठ रुपये कमी होते. कशाचे कापले म्हणून चौकशी केली, तर रेल्वेच्या भाषेत त्या कपातीला 'क्लार्केज' म्हणतात असं कळलं.