मांदाडच्या खाडीतले ग्रीक

पेण म्हटलं की गणपती आणि पोह्याचे पापड. रोहा म्हटलं की 'कोकण रेल्वे इथून सुरू होते' एवढं जनरल नॉलेज. गोव्याला निघालेल्या आपल्या गाड्यांना पेण 'लागतं', रोह्याचा फाटा 'लागतो'. तिथे मुद्दाम 'जातं' कोण? पण दोन हजार वर्षांपूर्वी याच पट्ट्यातल्या बंदरांची नावं एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहून ठेवली आहेत. ती यादी प्रिंट करून घेतली, बॅगेत टाकली आणि शनिवारी पहाटे निघालो.

आधी थोडा इतिहास. झटपट संपवतो, प्रॉमिस! इ.स.पू. ३० मध्ये क्लिओपात्रा गेली आणि इजिप्त रोमच्या खिशात पडलं. म्हणजे सरळसरळ टेकओव्हर. मालक बदलला, टॅक्स रोमला जाऊ लागला, पण ऑफिसची भाषा ग्रीकच राहिली. करारमदार ग्रीकमध्ये, हिशेब ग्रीकमध्ये, रात्रीच्या गप्पाही ग्रीकमध्येच. आपल्यापैकी ज्यांची कंपनी एखाद्या परदेशी ग्रुपने विकत घेतलीय, त्यांना हे वेगळं समजवायला नको.

या नव्या राजवटीत ग्रीकांचा इंडियाचा धंदा जोरात वाढला. स्ट्रॅबो नावाचा ग्रीक भूगोलकार सांगतो, की इजिप्तच्या मायोस होर्मोस या एका बंदरातून १२० जहाजं हिंदुस्थानकडे जात होती. जुलैत निघायचं, तांबडा समुद्र ओलांडायचा, मान्सूनचा वारा शिडात भरून घ्यायचा आणि सप्टेंबरच्या सुमाराला आपल्या किनाऱ्याला लागायचं. परतीचा वारा सुटेपर्यंत इथेच मुक्काम. म्हणजे अस्सल ऑनसाइट पोस्टिंग! व्हिएन्नात एक पपायरस आहे, दुसऱ्या शतकातला. केरळातल्या मुझिरिसहून माल आणणाऱ्या 'हर्मापोलॉन' नावाच्या जहाजाशी संबंधित कर्जाचा करार. भाषा ग्रीक, आणि आयात मालावर रोमचा टॅक्स किती? २५ टक्के! आपण टीडीएसच्या नावाने बोटं मोडतो.

यादीचं पुस्तक म्हणजे 'पेरिप्लस'. पहिल्या शतकाच्या मध्याला, इजिप्तमध्ये राहणाऱ्या कुणा व्यापाऱ्याने साध्या बाजारू ग्रीकमध्ये लिहिलेलं. त्याने स्वतःचं नाव दिलेलं नाही, पण कुठे काय विकलं जातं, कुठे खडक आहेत, कुठल्या राजाला काय भेट द्यावी, सगळं आहे. भडोचच्या बाजारात इटलीची वाइन जास्त खपते, हेसुद्धा! कल्याणबद्दल मात्र तो सावध करतो. हे बंदर आता अडवलं जातं, चुकून ग्रीक जहाज तिथे लागलंच तर पहाऱ्यात भडोचला नेलं जाईल. लक्षात घ्या, जहाजं इजिप्तची, सत्ता रोमची. तरी तो लिहितो 'ग्रीक' जहाजं. कल्याणनंतर दक्षिणेला पुढची नावं येतात, सेमिला आणि मंदगोरा.

सेमिला म्हणजे आपलं चौल. रोह्याच्या पुलावर उभं राहून खाली बघा. ही कुंडलिका पुढे रेवदंड्याला समुद्राला मिळते आणि तिच्या मुखाशीच चौल. दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात बसून जगाचा नकाशा मांडणाऱ्या टॉलेमीने या बंदराची चौकशी तिथून आलेल्या लोकांकडे केली होती. स्थानिक लोक त्याला 'तिमुला' म्हणतात, असंही तो नोंदवतो. या टॉलेमीचं पूर्ण नाव क्लॉडियस टॉलेमी. पुढचं नाव रोमन, मागचं ग्रीक. नावातच सगळी राजवट आली.

मंदगोरा मात्र कुठलं यावर वाद आहे. काहींचा कौल बाणकोट-मंडणगडाकडे, बऱ्याच जणांचा मांदाडकडे. मी मांदाडवाला. कारण कुडा.

रोह्याहून तळ्याला आणि तिथून मांदाडच्या रस्त्याला लागलात, की राजपुरीच्या खाडीचा फाटा दिसू लागतो. डोंगराच्या कुशीत कुडा गाव आणि वर २६ बौद्ध लेणी. आम्ही गेलो तेव्हा वर कुणीही नव्हतं. एक म्हातारे काका तेवढे गुरं घेऊन उतरत होते. ''लेणी बघाय आलाव? जा की, वाट सरळ हाय,'' म्हणाले आणि पुढे गेले. सहाव्या लेण्याच्या दर्शनी भागातली दगडी जोडपी बघायला जरूर थांबा. बुद्धमूर्ती पाचव्या-सहाव्या शतकातल्या, नंतर कोरलेल्या. पण माझा जीव अडकला तो शिलालेखांत. ब्राह्मी लिपी, प्राकृत भाषा. इथे दान देणारे कोण? एक वैद्य, एक माळी, एक लेखक म्हणजे त्या काळचा कारकून, तांड्याने व्यापार करणारा सार्थवाह आणि थेट कऱ्हाडचा लोखंडाचा व्यापारी. इथल्या सत्ताधारी घराण्याचे लोक स्वतःला 'मांदव' म्हणवतात. मांदव, मांदाड, मंदगोरा. तुम्हीच ठरवा.

लेण्याच्या ओट्यावर बसलं की खाली खाडी दिसते. बंदर, बाजार, घाटावर जाणारी वाट आणि वर भिक्षूंचा मुक्काम, असा सगळा सेटअप एका नजरेत येतो. फक्त एक गोष्ट खटकते. या लेखांत ग्रीक माणूस एकही नाही!

तो सापडतो घाटावर. दुसऱ्या दिवशी रोह्याहून परत पेणला आलो, पेण-खोपोली रस्ता धरला आणि बोरघाट चढून कार्ल्याला पोहोचलो. खाडीतून घाटमाथ्यावर माल चढवायची ही जुनीच दिशा. चैत्रात याच रस्त्यांनी आगरी-कोळ्यांच्या पालख्या एकवीरेला जातात. आईचं देऊळ आणि चैत्यगृह अगदी शेजारी, पण दर्शन घेऊन भलतीकडे फोटो काढत परतणारेच जास्त. आत जा आणि खांबांवरची अक्षरं शोधा. धेनुकाकटच्या यवन सिहधयाचं दान, धेनुकाकटच्या यवन धम्माचं दान, असे लेख अनेक खांबांवर आहेत. 'यवन' म्हणजे आयोनियाचा, ग्रीक. (बखरींत हाच शब्द मुसलमानांसाठी येतो, ती पुढची गोष्ट.)

आता बघा, सिंहध्वज आणि धर्म ही काय ग्रीक नावं आहेत? जुन्नरच्या लेण्यांत पाण्याची टाकी देणारा यवन आहे 'इरिल', ते नाव जरा परकं वाटतं. कार्ल्याचे मात्र पक्के इथले झालेले. काही अभ्यासकांच्या मते हे समुद्रमार्गे आलेले व्यापारी, काहींच्या मते वायव्येकडच्या जुन्या ग्रीक राज्यांतल्या लोकांचे वंशज. मला वाटतं, दोन्ही तऱ्हेचे लोक एकाच बाजारात भेटत असणार. पण मला जास्त भारी वाटतं ते हे, की नाव बदललं, धर्म बदलला, लेखाची भाषा प्राकृत झाली, तरी खांबावर नाव कोरताना 'यवन' ही ओळख त्यांनी सोडली नाही. तिकडे घरी राज्य रोमचं आणि ओळख ग्रीक. इकडे नाव सिंहध्वज आणि ओळख पुन्हा ग्रीकच. 'रोमन' म्हणून एकाही खांबावर सही नाही. न्यू जर्सीत 'सॅम' झालेला आपला समीर गणेशोत्सवाच्या वर्गणीच्या यादीत काय नाव लिहितो, आठवून बघा.

वाहतूक एकतर्फीही नव्हती. इजिप्तच्या बेरेनिके बंदरात ७.५ किलो मिरी सापडली, तीही भारतीय मडक्यात. २०२२ मध्ये तिथेच ७१ सेंटिमीटर उंचीची संगमरवरी बुद्धमूर्ती मिळाली. आणि आपल्या तोंडात अजून काय काय शिल्लक आहे! 'दाम' आला ग्रीक द्राख्मावरून. पत्रिकेतला 'होरा' ग्रीक, 'केंद्र'सुद्धा मूळचं ग्रीक 'केंत्रॉन'. म्हणजे केंद्र सरकारला शिव्या देताना अर्धी शिवी ग्रीकमध्ये जाते.

जायचं असेल तर पावसाळा संपल्यावर जा, ऑक्टोबर ते फेब्रुवारी. ग्रीकांचाही इथे मुक्काम साधारण याच सुमाराला असायचा. दिव्याहून रोह्याला लोकल गाडी आहे, पण पुढे कुड्यासाठी स्वतःची बाइक किंवा गाडी बरी. वर पाणी आणि खाणं मिळेल या भरवशावर राहू नका. टॉर्च न्या, लेख वाचायला तिरपा उजेड लागतो. वेळ उरला तर रोहा-तळा पट्ट्यात घोसाळगड आणि तळगड आहेतच. येताना पेणला थांबून पापड आणि मिरगुंडं घ्या. आमच्या ग्रुपमधल्या एकीने तिथल्या मावशींना भाव पाडून मागितला, तर मावशी फणकारल्या, ''दाम करून नेयाचा तर ने, न्हायतर ऱ्हाव दे.'' आम्ही पूर्ण दाम मोजला.