जमा आणि नावे

व्यापाऱ्याच्या घरातील मुलाच्या कानावर 'जमा' आणि 'नावे' हे दोन शब्द मुळाक्षरांच्याही आधी पडतात. आजोबा गादीवर बसून कीर्द लिहीत असताना शेजारी खेळणाऱ्या नातवाला कळत नसते, पण पानाला दोन बाजू असतात आणि दोन्ही लिहाव्याच लागतात, एवढे त्याच्या मनावर ठसते. पुढे मोठा झाल्यावर दुकानाचा हिशेब तो बिनचूक लिहितो. स्वतःच्या आयुष्याचे पान लिहिताना मात्र नावेची बाजू कोरी ठेवण्याचा मोह त्यालाही होतो. बार्शीहून मुंबईला शिकायला आलेल्या एका मुलाच्या बाबतीत नेमके तेच घडले.

वडिलांचे बार्शीत भांड्यांचे दुकान. मुलगा काळबादेवीजवळच्या एका वसतिगृहात राहून सीएचा अभ्यास करीत होता. दिवाळीनंतर इंटरमिजिएटच्या पहिल्या गटाचा निकाल लागला. प्रत्येक विषयात किमान ४० आणि गटात एकूण ५० टक्के गुण हवेत. त्याला अकाउंट्समध्ये ६४ मिळाले, पण टॅक्सेशनमध्ये ३७. तीन गुणांसाठी गट राहिला. त्या संध्याकाळी घरून फोन आला तेव्हा दुकानात गिऱ्हाइकांची गर्दी होती. वडिलांनी घाईघाईत विचारले, "झाले ना रे?" आणि त्याच्या तोंडून निघून गेले, "हो, झाले." दुसऱ्या दिवशी वडिलांनी अख्ख्या पेठेत पेढे वाटले. त्यानंतर खरे सांगायला रोज उशीर होत गेला.

डिसेंबरमधल्या एका रविवारी सकाळी लातूर एक्स्प्रेसने त्याचे दोन शाळासोबती मुंबईत उतरले. गावात मुलांची नावे मागे पडतात आणि वडिलांचा धंदा पुढे येतो. त्यामुळे एकाला सगळे कापडवाला म्हणत आणि दुसऱ्याला आडतवाला. कापडवाला पहिल्यांदाच मुंबई पाहत होता. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या घुमटाकडे तो मान वर करून इतका वेळ बघत राहिला, की हमालाने दोनदा "बाजू" म्हटले तरी त्याला ऐकू गेले नाही. आडतवाल्याच्या हातात पिशवी होती. तीत मेथीचे खाकरे, शेंगाचटणी, दशम्या आणि एक पाकीट होते. पाकिटावर वडिलांच्या अक्षरात लिहिले होते: 'पुढील फीसाठी, रु. ११,०००'.

"तुझ्या आईने सांगितलेय, पोराने रात्री जागून अभ्यास केला, त्याला नीट खायला घाल," आडतवाला हसत म्हणाला.

त्याने पाकीट खिशात ठेवले. दिवसभर ते त्याला टोचत राहिले.

सामान वसतिगृहात ठेवून, स्नान आटोपून तिघे पायधुनीला गोडीजी पार्श्वनाथांच्या दर्शनाला गेले. तेथून टॅक्सी करून फोर्टात. टॅक्सीचे पैसे त्यानेच दिले. कापडवाल्याने खिशात हात घातला, तर त्याने तो धरून ठेवला. "माझ्या गावात तुम्ही पैसे काढायचे नाहीत," असे त्याने बजावले. बार्शीचा मुलगा दोन वर्षांत मुंबईला 'माझे गाव' म्हणू लागला, याचे कापडवाल्याला मोठे कौतुक वाटले.

रविवारचा फोर्ट शांत असतो. हॉर्निमन सर्कलची वर्तुळाकार इमारत, मधली झाडी आणि समोर टाउन हॉलच्या रुंद पायऱ्या. त्या पायऱ्यांवर बसून तो सांगू लागला. एके काळी येथे मोकळे मैदान होते आणि त्यावर कापसाच्या गाठी पडत. टाउन हॉलसमोरच्या वडाखाली दलाल जमत आणि शेअर्सचे सौदे तोंडी होत. त्याच दलालांनी १८७५ मध्ये रीतसर संस्था स्थापन केली. तीच आजची मुंबई शेअर बाजाराची संस्था. नंतर दलाल स्ट्रीटवर जाऊन त्याने ती उंच इमारत दाखवली. कापडवाल्याने तेथील कांस्याच्या बैलासोबत चार छायाचित्रे काढली. आडतवाला मात्र इमारतीकडे पाहत उभा राहिला.

शाळेत हिशेबात पहिला नंबर आडतवाल्याचा असे. सीए व्हायचे असे दोघांनी मिळून ठरवले होते. बारावीच्या वर्षी त्याच्या वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला आणि तो आडतीच्या गादीवर बसला. त्याबद्दल तो कधी कुरकुरला नाही. फक्त दलाल स्ट्रीटवर तो एवढेच म्हणाला, "बाजार समितीत लोक विचारतात, तेव्हा मी सांगतो की माझा मित्र मुंबईत सीए होतोय. मी नाही तर तू तरी."

त्यावर मित्राने घड्याळात पाहिले आणि जेवायला चला म्हणाला.

जेवणही चांगल्या हॉटेलात झाले. थाळीचे तिघांचे १,३५० रुपये झाले आणि तेही त्यानेच दिले. आडतवाल्याने सवयीप्रमाणे खिशातून छोटी वही काढून आकडा टिपला. "अरे, हिशेब कसला मांडतोस?" म्हणून कापडवाल्याने चेष्टा केली. "लिहून ठेवायला काय जाते?" एवढेच उत्तर आले.

दुपार उतरताना तिघे ओव्हल मैदानाच्या कडेला बसले. मैदानावर एकाच वेळी आठ-दहा क्रिकेटचे सामने रंगले होते. एका सामन्याचा क्षेत्ररक्षक दुसऱ्या सामन्याच्या खेळपट्टीजवळ उभा. समोर राजाबाई मनोरा. कापडवाल्याने विचारले, "ही राजाबाई कोण? राणी होती का?"

या प्रश्नाचे उत्तर देणे त्याच्या आवडीचे होते. राजाबाई ही राणी नव्हे, प्रेमचंद रायचंद या जैन व्यापाऱ्याची आई. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, इंग्लंडच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या तेजीत प्रेमचंद रायचंद मुंबईच्या बाजाराचे राजे झाले. १८६४ मध्ये त्यांनी विद्यापीठाला मोठी देणगी दिली आणि घड्याळाच्या मनोऱ्याला आईचे नाव मागितले. आईला दिसत नव्हते आणि सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा तिचा नियम होता. घड्याळाचे टोले ऐकून तिला वेळ कळावी म्हणून हा मनोरा उभारला, अशी आख्यायिका आजही सांगतात. बांधकाम १८६९ ला सुरू झाले आणि १८७८ ला पुरे झाले. उंची २८० फूट.

"मग तेजी किती वर्षे टिकली?" आडतवाल्याने विचारले. भावाची तेजी म्हटली की त्याला पुढची मंदी दिसे.

"१८६५ ला युद्ध संपले. कापसाचा भाव कोसळला आणि बाजारही. कंपन्या बुडाल्या, बँक ऑफ बॉम्बेसुद्धा टिकली नाही. प्रेमचंदांचे वैभव गेले."

"आणि ते?"

"मुंबईतच राहिले. पुन्हा धंद्यात उभे राहिले. १९०६ पर्यंत जगले."

आडतवाला थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "त्यांचा तोटा साऱ्या बाजाराला माहीत होता, म्हणून पुन्हा उभे राहता आले असेल. आमच्या आडतीत तेच असते बघ. जो येऊन सांगतो, 'शेठ, या हंगामात बुडालो', त्याला आम्ही मुदत देतो. बियाणाला वर पैसेही देतो. जो लपवतो, त्याचे नाव खात्यातून कमी होते. तोटा झाला म्हणून कोणी जात नाही रे. तो लपवला म्हणून जातो."

तो हे सहज बोलला होता. त्याला काहीच ठाऊक नव्हते. पण शेजारी बसलेल्या मित्राचा हात खिशातल्या पाकिटावर गेला आणि तेथेच राहिला. मनोऱ्यावर टोले पडले. कापडवाला कोणाच्या तरी षटकारावर टाळ्या वाजवीत होता.

"माझा गट राहिला," तो म्हणाला. "टॅक्सेशनमध्ये ३७. मी घरी खोटे सांगितले."

कापडवाल्याच्या टाळ्या थांबल्या. आडतवाला काही क्षण मैदानाकडे पाहत राहिला. त्याचा चेहरा उतरला होता. पाच आठवडे त्यानेही बाजार समितीत ते खोटे मिरवले होते. राग येणे स्वाभाविक होते आणि तो आला. "मला तरी सांगायचे होतेस," तो म्हणाला. एवढ्यावर राग संपला नाही, पण त्याने वही काढली आणि विचारले, "बाकीचे किती?"

"अकाउंट्स ६४. साठाच्या वर आहे, म्हणून पुढच्या वेळी तो पेपर द्यावा लागत नाही."

"मग ते जमेला लिहूया," म्हणत त्याने पानाच्या एका बाजूला ६४ लिहिले आणि दुसऱ्या बाजूला ३७. खाली आजचा टॅक्सी आणि जेवणाचा खर्च तीन भागांत वाटला. स्वतःचा आणि कापडवाल्याचा वाटा मोजून मित्राच्या हातात ठेवला. "हे पैसे तुझे नाहीत, काकांचे आहेत. दिवसभर कोणाच्या पैशाने आम्हाला मुंबई दाखवत होतास?"

या प्रश्नाला उत्तर नव्हते.

डिसेंबरात मुंबईचा सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. तिघे मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसले आणि आईने दिलेल्या दशम्या व शेंगाचटणी सोडली. सकाळी हॉटेलचा थाट मिरवणाऱ्या यजमानाला हे जेवण आता अधिक गोड लागले. ऊन असतानाच जेवण आटोपले. पाणी पिऊन झाल्यावर आडतवाला म्हणाला, "काका सात वाजता दुकानाची फळी लावतात. त्याच्या आधी फोन कर. घरी गेल्यावर काकू समोर असतील, मग बोलणे जड जाईल."

त्याने फोन लावला. सगळे एका दमात सांगून टाकले. पलीकडे कितीतरी वेळ फक्त दुकानातल्या भांड्यांचा आवाज येत होता.

"पेढे काही परत मागता येत नाहीत," अखेर वडील म्हणाले. त्यांचा आवाज थकलेला होता. "पेठेत काय सांगायचे ते मी बघतो. तू पुढचा फॉर्म भरण्याची तारीख सांग." मग थोडे थांबून, "आईला तू स्वतः सांग. माझ्याकडून नको."

रात्रीच्या गाडीने मित्र परत निघाले. गाडी हलण्यापूर्वी आडतवाल्याने वहीतले ते पान फाडून खिडकीतून त्याच्या हातात दिले. "टॅक्सेशनच्या पुस्तकात ठेव," तो म्हणाला. एवढ्यात गाडी सुटली. बार्शीला पोहोचल्यावर बाजार समितीत कोणी विचारले तर आता काय सांगशील, हे विचारायचे राहूनच गेले.

वसतिगृहात परतल्यावर त्याने ते पान पुस्तकात ठेवले, वडिलांचे पाकीट न फोडता कपाटात बंद केले आणि आईचा नंबर लावला.