पाचटाचा बांध

मॉरिशसच्या आग्नेय किनाऱ्यावर, ग्रां पोरच्या विस्तीर्ण उपसागराच्या काठी, माहेबुर्ग हे सुमारे १५ हजार वस्तीचे गाव वसलेले आहे. प्लेजांसच्या विमानतळावर उतरणारा प्रवासी या गावापासून अवघ्या काही मैलांवर भूमीला पाय लावतो. परंतु त्याची मोटार बहुधा दुसऱ्या दिशेला वळते आणि माहेबुर्ग मागे राहते. इतिहासाने मात्र या गावाला असे कधी वगळले नव्हते. किंबहुना या बेटाच्या लिखित इतिहासाचे पहिले पान याच पाण्यावर उघडले.

१५९८ च्या सप्टेंबरात वायब्रांट व्हान वारवाइक याच्या आधिपत्याखालील डच गलबते या उपसागरात शिरली आणि नासाऊच्या मॉरिट्स राजपुत्राचे नाव बेटाला मिळाले. १६३८ मध्ये येथे डचांची पहिली वसाहत झाली. किनाऱ्यावरील काळ्याभोर अबनुसाच्या झाडांवर त्यांची कुऱ्हाड चालली, आणि १७१० मध्ये ते कायमचे निघून गेले. १७१५ मध्ये फ्रेंचांनी बेटावर ताबा सांगितला, पण राजधानीचे भाग्य ग्रां पोरला लाभले नाही. कारण साधे होते. आग्नेयेचे व्यापारी वारे या उपसागरात थेट आत शिरतात. शिडाच्या जहाजाला येथे येणे सोपे, पण बाहेर पडणे महाकर्मकठीण. त्यामुळे वाऱ्याच्या आडोशाला असलेले पोर्ट लुई वाढत गेले आणि ग्रां पोर मागे पडले.

एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी गव्हर्नर देकां याने उपसागराच्या दक्षिण काठावर नवे गाव आखले आणि माहे द ला बूर्दोने या पूर्वीच्या गव्हर्नराचे नाव त्याला दिले. बुद्धिबळाच्या पटासारखे सरळ छेदणारे रस्ते आजही ती आखणी सांगतात. एका रस्त्याला डचांचे नाव आहे, एकाला ला बूर्दोनेचे, तर एकाला शिवानंदांचे. गावाचा इतिहास शिकण्यास ज्याला ग्रंथ मिळत नसेल, त्याने या गल्ल्यांतून एक चक्कर मारावी.

१८१० च्या ऑगस्टात याच उपसागरात इंग्रज आणि फ्रेंच आरमारांची घनघोर लढाई झाली. इंग्रजांची चार लढाऊ जहाजे कामी आली अथवा शत्रूच्या हाती पडली, आणि पॅरिसच्या विजयकमानीवर ग्रां पोरचे नाव कोरले गेले. त्या विजयाचे आयुष्य थोडेच ठरले; त्याच वर्षीच्या डिसेंबरात बेट इंग्रजांच्या स्वाधीन झाले. परंतु या लढाईतील एक गोष्ट विजयकमानीपेक्षाही स्मरणात ठेवण्याजोगी आहे. फ्रेंचांचा द्युपेरे आणि इंग्रजांचा विलोबी हे दोघेही घायाळ सेनानी गावातील एकाच घरात नेण्यात आले आणि एकाच छपराखाली त्यांची शुश्रूषा झाली. ते घर अद्याप उभे आहे. १९५० पासून तेथे वस्तुसंग्रहालय आहे.

राजेरजवाडे आणि सेनानी यांच्या या हकिकतीच्या आड किनाऱ्याचे खरे जीवन चालू होते. त्या काळी बेटावर चांगले रस्ते नव्हते. साखरेची पोती लहान लहान बंदरांतून होड्यांत भरीत आणि किनाऱ्याकिनाऱ्याने पोर्ट लुईला नेत. या वाहतुकीला फ्रेंच भाषेत 'बातलाज' असे नाव होते. दक्षिणेकडील सुइयाक गावच्या जुन्या बंदराला ते नाव आजही चिकटून राहिले आहे. या होड्यांच्या आश्रयाने सुतार, शिडे शिवणारे, हमाल आणि कोळी अशी कितीतरी घरे जगत होती. १८६५ मध्ये आगगाडी पोर्ट लुईहून माहेबुर्गपर्यंत आली आणि होडीचे ओझे रुळावर गेले. त्यानंतर वर्षभरातच हिवतापाच्या साथीने बेटाला ग्रासले. १८६६ ते १८६८ या काळात ज्यांना शक्य होते ते किनारा सोडून क्यूरपिपच्या थंड माथ्याकडे गेले. ज्यांना शक्य नव्हते ते किनाऱ्यावरच राहिले. पुढे मोटारी आल्या. १९५६ मध्ये उतारूंची आगगाडी थांबली, १९६४ मध्ये मालगाडीही गेली, आणि रूळ उखडले गेले. होडीचा धंदा आगगाडीने नेला, आगगाडीचा मोटारीने नेला. दोन्ही वेळा गाव होते तेथेच राहिले.

आता या कथेत आपल्या पूर्वजांचे स्थान कोणते, असा प्रश्न सुज्ञ वाचकाच्या मनात येईल. १८३४ पासून पुढच्या सुमारे ८५ वर्षांत साडेचार लाखांच्या आसपास हिंदी मजूर कराराने या बेटावर आले. त्यांत मुंबई बंदरातून निघालेले मराठी लोकही होते, आणि त्यांतील अनेकांची मूळ गावे रत्नागिरीसारख्या सागरकिनारीच्या जिल्ह्यांत होती. ज्यांच्या वाडवडिलांनी भरतीओहोटीवर दिवस मोजले, त्यांनी पोर्ट लुईच्या घाटाच्या पायऱ्या चढल्या आणि थेट उसाच्या फडाचा रस्ता धरला. त्या घाटाला २००६ मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला. पण त्या पायऱ्यांवर त्यांच्या आयुष्यातील समुद्र जणू संपला. समुद्र म्हणजे मागे राहिलेला देश, समुद्र म्हणजे न आलेले पत्र. फड, कारखाना, बैठका आणि देऊळ यांत दोन-तीन पिढ्या गेल्या, आणि समुद्राकडे पाठ करून बसण्याची सवय अंगी मुरली. अपवाद काय तो विसर्जनाचा. भाद्रपदात गजाननाची मूर्ती डोक्यावर घेऊन नदीच्या किंवा समुद्राच्या पाण्यात उतरताना मात्र ही पाठ वर्षातून एकदा वळे.

किनाऱ्यावर राहिले ते बहुधा क्रिओल कोळी, गुलामगिरीतून सुटलेल्यांचे वंशज. अशा रीतीने एकाच जिल्ह्यात दोन जगे नांदू लागली: एक उसाचे, दुसरे माशांचे. सोमवारच्या बाजारात ती एकमेकांना भेटत, भाजी आणि मासळी यांची देवघेव करीत आणि संध्याकाळी आपापल्या वाटेने परत जात. वैर नव्हते. परंतु एकाचे दुःख दुसऱ्याच्या अंगणात क्वचितच पोचे.

गेल्या काही दशकांत किनारी गावांच्या पुनरुज्जीवनाची चर्चा पुष्कळ झाली. पोर्ट लुईमध्ये १९९६ साली कोदां येथे जुन्या धक्क्यावर दुकाने, उपाहारगृहे आणि फरसबंद रस्ते झाले. संध्याकाळी तेथे माणसे रमू लागली, आणि 'आपल्याही गावी असे व्हावे' ही इच्छा प्रत्येक किनाऱ्यावर उत्पन्न झाली. ही इच्छा चूक नव्हे. बसायला बाके असावीत, दिवे असावेत, मुलांना धावायला स्वच्छ जागा असावी, याला कोण नाही म्हणेल? परंतु राजधानीला जे शोभते ते लहान गावाला जसेच्या तसे मानवत नाही. राजधानीच्या धक्क्यावर फिरायला येणारा माणूस खर्च करून घरी जातो. लहान गावाचा किनारा हे तर तेथल्या माणसांचे कामाचे अंगणच असते. तेथे होडी ओढली जाते, तिला रंग दिला जातो, जाळे वाळत पडते, मासळीची वाटणी होते. या कामांची जागा काढून घेऊन तेथे सुबक फरशी घातली, तर चित्र छान दिसेल, पण चित्रातला माणूस नाहीसा होईल. माहेबुर्गच्या किनाऱ्यावर पाण्याकडे पाहात कितीही बाके मांडली, तरी होडीला उतरण्याची जागा न उरल्यास ती बाके कोणासाठी?

या प्रश्नाचे उत्तर २०२० साली अनपेक्षित रीतीने मिळाले. त्या वर्षीच्या २५ जुलैस 'वाकाशियो' नावाचे मोठे मालवाहू जहाज माहेबुर्गजवळ पॉइंत देस्नीसमोरच्या प्रवाळाच्या कड्यावर चढून बसले. जहाजात माल नव्हता, पण सुमारे ३,९०० टन इंधन होते. ६ ऑगस्टला तेल बाहेर पडू लागले आणि सुमारे १,००० टन काळे तेल त्या निळ्या सरोवरात पसरले. समोर ब्लू बेचे राखीव सागरी उद्यान, पलीकडे कांदळवने आणि इल ओ एग्रेतचे चिमुकले बेट. महामारीमुळे देशाची दारे बंद होती. परदेशातून मदत येण्यास वेळ लागणार हे उघड होते.

तेव्हा जे घडले ते जगाने पाहिले. बेटाच्या कानाकोपऱ्यांतून हजारो माणसे माहेबुर्गच्या धक्क्यावर जमली. तेल अडविण्यास तरंगता बांध हवा होता, आणि बाजारात तो मिळत नव्हता. ऊसतोडणीचा हंगाम चालू होता. फडाफडांतून सुके पाचट गाड्या भरभरून आले. कापडाच्या आणि जाळीच्या लांबच लांब पिशव्या शिवून त्यांत ते ठासण्यात आले, तरंगण्यासाठी रिकाम्या बाटल्या बांधण्यात आल्या, तेल शोषावे म्हणून कित्येकांनी डोक्यावरचे केसही कापून दिले. पाचट कसे आवळावे हे फडातल्या बायकांना ठाऊक होते. जाळी कशी ओवावी आणि बांध प्रवाहाला कोठे आडवा घालावा हे कोळ्यांना ठाऊक होते. 'तांतिन, अजून घट्ट हवे,' असे म्हणत क्रिओल तरुण मावशीच्या वयाच्या बाईपुढे गठ्ठा धरी, आणि ती 'धर बाळा नीट' म्हणून गाठ मारी. भाषा दोन होत्या, गाठ एक होती. ज्या उसाने आपल्या पूर्वजांना समुद्रापासून दूर नेले, त्याच उसाचे पाचट पाठीवर घेऊन त्यांची पणतवंडे समुद्राकाठी परतली.

या बांधाने सगळे तेल अडले असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. कांदळवनांच्या मुळांपर्यंत तेल गेले. १५ ऑगस्टला जहाज दुभंगले. कोळ्यांना महिनोन्महिने त्या पाण्यात मासेमारी करता आली नाही, आणि ज्यांचे घर रोजच्या पकडीवर चालते त्यांच्या चुली कशा पेटल्या असतील, याची कल्पना ज्याची त्याने करावी. परंतु त्या आठवड्यांत माहेबुर्गचा धक्का खऱ्या अर्थाने जिवंत झाला होता, यात शंका नाही. तो धक्का कोणी सुशोभित केला नव्हता. तेथे माणसांना एकमेकांची गरज होती, हातांना काम होते, आणि प्रत्येकाच्या विद्येला मोल होते. त्याच महिन्यात गणेशचतुर्थीही आली. पाण्यावर तेलाचा तवंग पाहिलेल्या डोळ्यांना त्या वर्षी विसर्जनाचा अर्थ निराळा वाटला असल्यास नवल नाही.

गावाचे पुनरुज्जीवन याहून वेगळे काय असते? त्याची उदाहरणे फार दूर शोधावयास नकोत. रॉड्रिग्ज बेटावर ओहोटीच्या वेळी कड्यांवर चालत जाऊन ऑक्टोपस पकडणाऱ्या स्त्रियांचा धंदा पकड घटत गेल्याने डबघाईस आला होता. २०१२ पासून तेथे वर्षातील काही आठवडे पकड बंद ठेवण्याचा नियम आला. पोटाला चिमटा घेऊन ते दिवस काढणे सोपे नव्हते. पण बंदी उठल्यावर हाती आलेला ऑक्टोपस मोठा आणि वजनदार होता. पुढे मॉरिशसनेही तो नियम स्वीकारला. इल ओ एग्रेतवर तर डचांच्या कुऱ्हाडीतून आणि नंतरच्या तोडीतून वाचलेले किनारी अबनुसाचे वन रोपारोपाने पुन्हा उभे केले जात आहे, आणि तेथे गुलाबी पारवा पुन्हा घरटे करतो. हे बेट अवघे २६ हेक्टरांचे. १९६५ पासून राखीव असलेल्या या भूमीवर परके तण उपटण्याचे काम वर्षानुवर्षे चालले आहे. दोन्ही ठिकाणी घाई झाली नाही, आणि दोन्ही ठिकाणी त्या जागेला ओळखणाऱ्या माणसांचे हात लागले.

तेव्हा माहेबुर्गसारख्या गावांसाठी योजना आखताना होडीची उतरण आणि जाळ्याची जागा प्रथम कागदावर यावी, बाके मागाहून यावीत. सोमवारचा बाजार हलवून मोटारी उभ्या करण्यास जागा करू नये. शाळेतील मुलांना १८१० च्या लढाईबरोबरच वारा, भरती आणि प्रवाळ यांचे पाठ किनाऱ्यावरच द्यावेत. आणि होडी बांधणारे जे वृद्ध कारागीर आज हयात आहेत, त्यांच्याकडून ती विद्या त्यांच्या हयातीतच शिकून घ्यावी. आपल्या समाजापुरते बोलावयाचे तर विसर्जनाला शाडूची, मातीची मूर्तीच पाण्यात जावी, रंगवलेले प्लॅस्टर जाऊ नये; आणि मूर्ती पोचवून आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी तोच किनारा झाडण्यास मंडळाची माणसे पुन्हा यावीत. देवाला निरोप देण्यास जो समाज ढोल-ताशांसह पाण्यापर्यंत जातो, त्याला त्या पाण्यावर जगणाऱ्या शेजाऱ्याची विचारपूस करण्यास वर्षभर थांबण्याचे कारण नाही.

पाचटाचे ते बांध केव्हाच काढून टाकले गेले; तेलाने माखलेले पाचट ठेवून घेण्याजोगे नव्हते. ते बांधताना फडातल्या आणि किनाऱ्यावरच्या माणसांची जी ओळख झाली, ती मात्र टाकून देण्याजोगी नाही. ती टिकविणे हे कोणा सरकारी खात्याचे काम नव्हे. ते दोन्ही बाजूंच्या घरांचे काम आहे, आणि त्यासाठी पुन्हा एखादे जहाज कड्यावर चढण्याची वाट पाहू नये.