दहा फुटांत पाव इंच

जमीन सपाट असणं आणि जमीन पातळीत असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टेबलाचे दोन पाय आखूड असले तर टेबल कलतं, पण त्याचा पृष्ठभाग सपाटच राहतो. लाकडी फरशीला एवढंच हवं असतं. घर थोडं कललेलं असेल तर तिची तक्रार नसते. मात्र खाली मध्येच खड्डा आला की वरची पट्टी अधांतरी राहते, पाऊल पडलं की दबते, खिळ्याला घासते आणि करकरते.

न्यू जर्सीतलं आमचं घर १९६०च्या दशकातलं. इथे खाली काँक्रीटचा स्लॅब नाही. तळघरावर लाकडी वासे, त्यांवर प्लायवूड आणि त्यावर गालिचा. बायकोला धुळीनं दम्याचा त्रास होतो, म्हणून गालिचा काढून ओकच्या पट्ट्या बसवायच्या ठरल्या: सव्वादोन इंच रुंद, पाऊण इंच जाड, खिळ्यांनी ठोकायच्या. अशा फरशीसाठी ढोबळ नियम आहे, १० फुटांत पाव इंचापेक्षा जास्त चढउतार नको. गालिचा उखडून अॅल्युमिनियमची लांब पट्टी जमिनीवर फिरवली, तर खिडकीपाशी तिच्याखालून माझी करंगळी आरपार जात होती.

काम बघायला आलेला माणूस म्हणाला, "खाली जाड फोम टाकू. कुणाला कळणार नाही." पण ठोकलेल्या फरशीखाली फोम म्हणजे खड्डा झाकून हलतं घर तयार करणं.

रात्री जेवताना बायकोनं विचारलं, "आपण इथे किती वर्षं आहोत, ते तरी माहितीये का?"

प्रश्न फरशीचा नव्हता. एच-वन-बी व्हिसा एका वेळी जास्तीत जास्त ३ वर्षांचा, एरवी एकूण ६ वर्षांचा. ग्रीन कार्डची भारतीयांची रांग किती लांब, हे इथे प्रत्येक मराठी घरात पाठ असतं. उद्या नोकरी गेली तर हातात फार तर ६० दिवस. अशा घरात कुणालाच न दिसणाऱ्या थरावर पैसे आणि महिनाभराच्या संध्याकाळी घालवायच्या का? माझ्याकडे उत्तर नव्हतं.

बाबांना व्हिडिओ कॉलवर खोली दाखवली. साताऱ्याचं घर बांधताना ते रोज गवंड्याशेजारी उभे असायचे. ते म्हणाले, "अरे, पाणी ओतून बघ, कुठे जातं ते." आमच्या शहाबादी फरशीला मुद्दाम ढाळ दिलेला आहे, धुतलेलं पाणी मोरीकडे जावं म्हणून. मी सांगितलं, बाबा, इथे पाणी हाच शत्रू. ते थोडं थांबले आणि म्हणाले, "मग खड्डा का पडला ते आधी शोध. भरायचं नंतर."

टॉर्च घेऊन आम्ही दोघं तळघरात उतरलो. खिडकीखालच्या वाशाला खालून मोठी खाच मारलेली होती. कधीतरी कुणीतरी पाइप न्यायला तेवढं लाकूड कापून टाकलं होतं आणि वासा वर्षानुवर्षं हळूहळू वाकत गेला होता. बायको त्या खाचेकडे बघत म्हणाली, "यालाही वाटलं असेल, आपल्याला कुठे इथे कायमचं राहायचंय."

त्यानंतर आमच्यात त्यावर चर्चा झाली नाही. सुताराला बोलावलं. त्यानं वासा जॅकनं हळूहळू उचलला आणि शेजारी नवं लाकूड बोल्टनं जोडलं. निम्मा खड्डा तिथेच गेला. उरलेलं आम्ही केलं. सैल प्लायवूड वाशांवर स्क्रूनं आवळलं. त्या काळच्या जुन्या टाइलांत आणि त्यांच्या गोंदात अॅस्बेस्टॉस असू शकतो, म्हणून खाली तसं काही नाही याची आधी खात्री केली आणि मगच मास्क लावून प्लायवूडचे फुगलेले सांधे घासले. आपोआप पसरणारं सिमेंटी मिश्रण वापरलं नाही, कारण त्यात खिळे ठोकले की ते तडकतं. त्याऐवजी छपराखाली वापरतात तो डांबरी कागद कापला, प्रत्येक थर आधीच्यापेक्षा थोडा मोठा. खड्डा भरताना तो भूगोलाच्या पुस्तकातल्या समोच्च रेषांसारखा दिसत होता. शेवटी लाकडाची आर्द्रता मोजली. पट्ट्या आणि प्लायवूड यांच्यात ४ टक्क्यांहून जास्त फरक नको, म्हणून पट्ट्या काही दिवस खोलीतच ठेवल्या आणि मग ठोकल्या.

फरशी करकरत नाही. घर अजूनही थोडं कललेलंच आहे, गोटी ठेवली तर खिडकीकडे घरंगळते. व्हिसाचं नूतनीकरण पुढच्या वर्षी आहे. तळघरात जोडलेल्या नव्या लाकडावर बायकोनं मार्करनं तारीख लिहून ठेवली आहे आणि खाली एक ओळ: इथून पाइप नेऊ नका.